देवीची बोट बांधावर

क्यामसू बेट एवढं लहान, की इथे एकाकडे पाठ फिरवली तर तोंड दुसऱ्या कुणाकडे होतंच. गल्ली एकच. ती धक्क्यापासून निघते, दर्याची राखण करणाऱ्या मात्सूदेवीच्या देवळासमोरून जाते, विहिरीला वळसा घालते आणि भुईमुगाच्या शेतांत जाऊन विरते. झाड म्हणावं असं काही नाही. हिवाळाभर ईशान्येचा वारा समुद्र उचलून घरांवर फेकतो. खिडक्यांवर मिठाचा थर बसतो, आणि कोबी-रताळी वाचवायची तर शेताला पोवळ्याच्या दगडांचे छातीइतके उंच गडगे घालावे लागतात. चेहरा लपवायचा असेल त्याने राहावं अशी ही जागा नव्हे. सुनहोंगकाकांना मात्र ते इथेच करावं लागलं.

माझं दुकान धक्क्याला लागून आहे. मी शेजारच्या बेटावरून लग्न होऊन इथे आले तेव्हा काका भर उमेदीत होते. 'सुनहोंग' म्हणजे अनुकूल वारा. दर्यावर्दी बापाने ठेवलेलं नाव, आणि माणूसही नावासारखाच चालायचा. आमच्या भागात त्यांच्यासारखा तांडेल नव्हता. खडकांमधून बोट अशी काढायचे, की बसलेल्या बायकांच्या मांडीवरचं भुईमुगाचं सूप हलायचं नाही. आणि ते त्यांना स्वतःला पुरेपूर माहीत होतं, हीच पंचाईत होती. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसून ते धक्क्याला लागणाऱ्या प्रत्येक बोटीचा निकाल लावायचे. तेकफू हा त्यांच्याच वयाचा दुसरा तांडेल. साधा, जपून चालणारा. त्याची बोट दिसली की काकांना ऊत यायचा.

"अरे तेकफ्या, बोट लावतोयस की बैल बांधतोयस? धक्का पळून नाही जात रे, ये सावकाश!"

ओट्यावरचे सगळे हसायचे. तेकफूही हसायचा, पण त्याचे कान लाल झालेले मला दुकानातून दिसायचे. काकांची बायको किमहुए जिभेने नवऱ्यापेक्षा वरचढ. ती गल्लीतूनच ओरडायची, "अहो, देवळात बसून देवीला तरी बोलू द्या कधी!"

दर काही वर्षांनी आमची देवी माकुंग शहरातल्या मोठ्या देवळात, म्हणजे तिच्या माहेरी जाऊन येते. तिला न्यायचा-आणायचा मान कुणाच्या बोटीला, हे कौल लावून ठरतं. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे देवीपुढे टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की देवीचा होकार. असा होकार लागोपाठ तीनदा मिळावा लागतो. त्या वर्षी तेकफूला दोनदा मिळाला आणि तिसऱ्यांदा दोन्ही तुकडे पालथे पडले. नंतर काकांनी टाकले. तीनदा होकार. काकांनी तेकफूच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "देवीलापण सूप सांडलेलं आवडत नाही, त्याला मी काय करू?"

त्याच सुमारास त्यांच्या मुलीचं, स्यूलानचं, लग्न ठरत होतं. मुलगा माकुंगचा. त्याच्या बापाचं लोखंडी सामानाचं मोठं दुकान. त्या लोकांनी क्यामसू पाहिलंही नव्हतं. किमहुएकाकूने त्यांना उत्सवाचं आमंत्रण दिलं, आणि देवी परत यायच्या दिवशी ते सकाळच्या बोटीने येऊन धक्क्यावर खुर्च्या टाकून बसले. मीच त्यांना गार चहा नेऊन दिला. व्याही जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याचे, आवाज मोठा.

वसंत सरत आला होता. वारा पडलेला, समुद्र तेलासारखा. अर्धी ओहोटी झाली होती तेव्हा काकांची बोट दिसली. सगळीकडे पताका, पुढे ढोल, आणि बेटावरची निम्मी माणसं बोटीत, कारण देवीबरोबर माहेरी जाऊन यायची हौस सगळ्यांनाच. देवीची काळवंडलेली लाकडी मूर्ती आसनावर, आणि तिच्या पायाशी बोंग्चीआजी बसलेली. बोंग्ची म्हणजे 'असू दे, वाढवू हिलाही'. मुलगी नको असताना झाली की ठेवायचं ते नाव. आजीचा नवरा समुद्राने नेलेला, मुलं समुद्रापलीकडे काओश्युंग शहरातल्या कारखान्यांत. देवीशी सगळ्यांत जास्त बोलणारी बाई तीच, म्हणून तिची जागा ती.

धक्क्याकडे यायची बोटींची वाट बाहेरून वळसा घेऊन येते. कारण मध्ये आमचा माशांचा बांध आहे. पणजोबांच्या पिढीने ओहोटीच्या पाण्यात उभं राहून रचलेला, काळ्या आणि पोवळ्याच्या दगडांचा. त्याचे दोन लांब हात किनाऱ्याकडे पसरलेले, आणि खोल पाण्याच्या बाजूला गोल पोट. भरतीला मासे आत येतात, ओहोटीला हातांच्या आधाराने पोटात उतरतात आणि अडकतात. बेटावरच्या काही घरांचा त्यात वाटा, आणि ज्याची पाळी त्याची मासळी. अर्ध्या ओहोटीला बांधाचा बाहेरचा हात पाण्याखाली असतो, जेमतेम.

काका वाटेने आले असते तर बोट धक्क्याला पाठमोरी येऊन लागली असती. त्यांना ती मिरवत, व्याह्यांच्या समोरून, पताका दिसतील अशी आणायची होती. आपल्या बोटीने त्या हातावरून ते कितीदा तरी गेले होते. पण तेव्हा बोट रिकामी असायची.

बोटीने तोंड वळवलं तसा धक्क्यावर तेकफू उठून उभा राहिला. "अरे, भरलीय बोट," एवढंच तो म्हणाला, तेही स्वतःशी.

आवाज आम्हाला इथपर्यंत आला. दाताखाली खडा यावा तसा, पण फार मोठ्या दाताखाली. ढोल थांबला. बोट पुढे उचलली गेली, एका अंगाला कलली आणि तशीच राहिली. माणसं एकमेकांवर पडली. देवी आसनावरून निसटली, आणि बोंग्चीआजीने तिला पडता पडता छातीशी धरलं. देवीला खरचटलंही नाही. आजीचं मनगट मोडलं.

कुणी बुडालं नाही, कारण बुडायला पाणीच राहिलं नव्हतं. तीच खरी दुर्दशा. ओहोटी चालूच होती. पाणी उतरत गेलं तसा बांधाचा हात वर आला, आणि त्याच्यावर काकांची बोट, ताटात वाढून ठेवल्यासारखी. सणाचे कपडे घातलेली माणसं एकेक करून खाली उतरली आणि बांधावरून, शेवाळावर घसरत, चपला हातात घेऊन किनाऱ्याला चालत आली. पुढे तेकफू, धक्क्यावरून मदतीला धावलेला, कडेवर मूल घ्यावं तशी देवी घेतलेला. मागे आजी, मनगट पदरासारख्या फडक्यात गुंडाळलेलं. धक्क्यावर कुणी हसलं नाही, कुणी ओरडलंही नाही. फक्त व्याह्यांनी विचारलं, "इथे देवी नेहमी अशीच येते का?" त्यांनी ते अगदी मनापासून विचारलं होतं.

काका बोटीवरच थांबले. उतरून या म्हणून हाका मारल्या, ते आले नाहीत. पाणी उतरतच गेलं. बोटीचा तळ दिसायला लागला, मग तळाला चिकटलेली कालवं, मग खाली चुरा झालेले दगड. ऊन वर आणि भोवती लांबवर ओली वाळू. माणसाला लपायला म्हणून बोटीत एक चिंचोळी केबिन. तिथे ते बसले नाहीत. सुकाणूशीच उभे राहिले, किनाऱ्याकडे पाठ करून, भरती येईपर्यंत. देवळाच्या अंगणात जेवणाची पंगत बसली ती त्यांच्याकडे न बघायचा प्रयत्न करत. पण अंगणाचं तोंडच समुद्राकडे आहे. भोपळा घातलेल्या तांदळाच्या शेवया मी त्या दिवशी वाढल्या, आणि प्रत्येक वाडगा देताना माणूस वर बघायचा आणि पटकन खाली.

भरतीने बोट उचलली तसं आणखी नुकसान झालं. लाट बोट वर घ्यायची आणि पुन्हा बांधावर आपटायची, आणि प्रत्येक आपटीला पणजोबांनी बसवलेले दगड निखळायचे. शेवटी तेकफूनेच आपली बोट काढली आणि दोर टाकला.

"धर," तो म्हणाला. दुसरा शब्द बोलला नाही.

काकांनी नंतर किमहुएकाकूला सांगितलं, आणि काकूने मला, की तेकफूने तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. बैलाचं काही बोलला असता तरी चाललं असतं. तो गप्प राहिला तेव्हा आपण कुठे आहोत ते काकांना कळलं.

लग्न मोडलं नाही. उलट व्याह्यांना हा प्रसंग एवढा आवडला, की माकुंगला लग्नाच्या जेवणात ते प्रत्येक टेबलाशी जाऊन तो सांगत होते. "आमचे व्याही म्हणजे काय समजलात! सगळे वाटेने येतात. यांनी देवीला भिंतीवरून उडी मारून आणली!" टाळ्या, हशा, पेले वर. काकाही हसत होते. चौथ्या-पाचव्या टेबलाला ते दिसेनासे झाले. किमहुएकाकूने त्यांना मागच्या अंगणात, भांडी घासणाऱ्या बायकांच्या शेजारी पालथ्या बादलीवर बसलेलं शोधलं.

"अहो, मुलीचं लग्न आहे. असं इथे?"

"इथे आवाज येत नाही."

"प्रेमाने सांगतायत ते. वाईट नाही त्यांच्या मनात."

"माहितीय. म्हणून तर आत बसवत नाही."

त्यानंतर काकांनी सुकाणू धरलं नाही. बोट पुतण्याला देऊन टाकली. देवळाच्या ओट्यावर बसणं बंद. गल्लीने जाणंही बंद. घराच्या मागच्या दाराने निघायचं, गडग्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटांनी शेतात जायचं, तसंच परत यायचं. सोया सॉस, काडेपेटी, तंबाखू, सगळं काकू न्यायची. एकदा काकू तापाने पडली होती म्हणून ते स्वतः दुकानात आले. बाहेर थांबून आत कुणी नाही ना हे बघितलं. मी म्हटलं, "काका, बसा ना, चहा ठेवते." तर म्हणाले, "नको. वारा सुटेल." वारा सुटायचा होता असं काही नव्हतं.

बेटावर कुणी त्यांना वाईट बोललं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण आमच्याकडे प्रत्येक खडकाला नाव असतं. कुणाची बोट फुटली, कुणाचं जाळं अडकलं, कुणी तिथे मोठा मासा धरला, त्यावरून ते पडतं. त्यात कुणाचा हेतू नसतो. बांधाच्या त्या मोडक्या टोकाला लोक 'सुनहोंग' म्हणू लागले. काकांच्या घरी जुन्या सवयीने बोटींचा रेडिओ चालू असायचा, हवामानासाठी. एक दिवस नव्या तांडेलांपैकी कुणीतरी दुसऱ्याला सांगताना ऐकू आलं, "पाणी कमी आहे. सुनहोंगच्या बाहेरून ये, जवळ जाऊ नकोस." काकांनी रेडिओ बंद केला. काकूने जाऊन पुन्हा लावला.

"मला हवामान ऐकायचंय," ती म्हणाली.

"आपलं नाव आता असं राहणार."

"बाकीच्यांचं कसंच राहणार नाही. भात गिळा."

ती असं बोलायची, पण माझ्याकडे येऊन ती रडलीही आहे. म्हणायची, "अगं, मारलं असतं कुणी तर बरं झालं असतं. मार खाल्ला की माणूस मोकळा होतो."

मोडलेल्या बांधात मासे थांबत नव्हते. पोट आणि हात जिथे जुळतात तिथेच खिंडार होतं. पाण्याबरोबर आत आलेले मासे पाण्याबरोबरच बाहेर जायचे. ज्यांच्याकडे बोटी होत्या त्यांना फरक पडला नाही. बांध जुना झालाय, आता कोण तो दुरुस्त करत बसतो, असंही काहीजण बोलले. बोंग्चीआजीकडे मात्र बांधातली पाळी आणि थोडासा भुईमूग, याशिवाय काही नव्हतं.

पहिल्या हिवाळ्यात, वाऱ्याने जरा दम घेतला की, मोठ्या ओहोटीला काका बांधावर दिसायला लागले. एकटे. वाकून दगड उचलताना, रचताना. बांधाचे मोठे काळे दगड दोघातिघांशिवाय हलत नाहीत, म्हणून ते लहान दगड लावायचे. पुढच्या उधाणाला समुद्र ते काढून वाळूत पसरवायचा. मग ते पुन्हा लावायचे. सगळ्यांना दिसत होतं. दुसरा हिवाळा आला तरी तेच. एकदा तेकफू दुकानात बसून बाहेर बघत होता. म्हणाला, "जाऊ का मी?"

माझा नवरा म्हणाला, "नको. त्याला वाटेल, दया करायला आलास. त्याचं त्याला करू दे."

तेकफू म्हणाला, "तसंच असेल," आणि बसून राहिला. घराघरांत हेच चाललं होतं. सगळ्यांना वाटत होतं की आपण गेलो तर त्यांना लाज वाटेल. आणि त्यांना वाटत होतं, कुणी येत नाही म्हणजे अजून कुणी विसरलेलं नाही.

त्या हिवाळ्यात आजीची पाळी होती त्या दिवशी काका बांधावर होते. पाळी कुणाची आहे ते त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. आजी कधी पाळी चुकवायची नाही. काही मिळणार नाही हे ठाऊक असूनही ती हातजाळं घेऊन, चेहऱ्याभोवती फडकं गुंडाळून, वाळू तुडवत बांधापर्यंत जायची, पोटात डोकावायची आणि परत यायची. वाकडं जुळलेलं मनगट अंगाशी धरलेलं. काकांना ती अगदी जवळ आल्यावर दिसली. पळायला वाट नव्हती, चहूकडे उघडी वाळू. ते बांधाच्या पलीकडच्या बाजूला, गुडघाभर पाण्यात, खाली बसले. साठीकडे झुकलेला माणूस, हिवाळ्याच्या पाण्यात छातीपर्यंत बुडून, डोकं दगडाला टेकवून, श्वास धरून. पुढचं सगळं मला आजीने सांगितलं. काकांनी ते कधी नाकारलं नाही.

आजीने जाळं खाली ठेवलं आणि बांधावर बसली. चेहऱ्याभोवतीचं फडकं सोडून पुन्हा नीट गुंडाळलं. मग म्हणाली, "पाण्यात बसून माणूस आजारी पडतो."

पलीकडे पाणी जरा हललं.

"सुनहोंग, तुझी टोपी वर दिसतेय."

काका उभे राहिले. दात वाजत होते. मान खाली. "मावशी, मी... भिंत बघत होतो."

"दोन हिवाळे बघतोयस. झाली का?"

"नाही."

"होणारही नाही. तुझ्या आज्याने एकट्याने बांधली होती का ही? माझा आजा होता, तेकफूचा होता. तू खडे लावतोयस. खडे का लावतोयस? कुणाला हाक मारायची नाही म्हणून."

"कुठल्या तोंडाने हाक मारू, मावशी? तुमचा हात..."

"हाताचं राहू दे. हात देवीसाठी गेला, त्याचं मला काही नाही." आजीचा आवाज चढला. ती चिडलेली मी तरी कधी पाहिली नव्हती. "मला मासे पाहिजेत. दोन हिवाळे मी रताळ्याची पेज पितेय, तोंडी लावायला कोबीचं लोणचं. का? तर सुनहोंगला लाज वाटते! तुझी लाज तू घरात ठेव, उशाशी घेऊन झोप, मी विचारणार नाही. पण ती इथे आणून माझ्या बांधाच्या भोकात बसवलीस तर मासे अडणार आहेत का तिने?"

काकांनी बांधावरचा एक लहान दगड उचलला आणि तसाच पुन्हा ठेवला.

"तुला वाटतं, माझ्यासाठी करतोयस. तसं असतं तर पहिल्याच आठवड्यात चार माणसं आणली असतीस. जा. तेकफूला सांग."

"तेकफूला नको. दुसऱ्या कुणालाही सांगतो."

"तेकफूलाच," आजी म्हणाली, जाळं उचललं आणि चालू लागली.

काका त्या दिवशी ओल्या कपड्यांनीच गल्लीने आले. किती दिवसांनी माणूस गल्लीने येतोय, म्हणून दारादारांत आम्ही उभ्या. अंगातून पाणी गळतंय, ओठ निळे. देवळाच्या ओट्यावर चार-पाच पुरुष ऊन खात, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांत तेकफू. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी दुकानाच्या पायरीवर होते, तिथून सगळं ऐकू येत होतं.

काका म्हणाले, "तेकफू, बांधाचे मोठे दगड माझ्याने हलत नाहीत."

एवढंच. माफी नाही, दुसरं काही नाही. पण त्यांचा चेहरा असा झाला होता, की सगळ्यांसमोर कपडे उतरवायला लावले असते तरी तसा झाला नसता. तेकफूने हातातली शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, टरफलं खाली झटकली. आम्हाला वाटलं, आता बोलतो. वर्षानुवर्षांचं साठलेलं आहे, बोलणारच.

तो म्हणाला, "उद्या पाणी आणखी खाली जाईल. पहारी माझ्याकडे आहेत." आणि काकांच्या अंगावर आपला कोट टाकला.

काकूने मला नंतर सांगितलं, की घरी येऊन काका चुलीजवळ बसले आणि म्हणाले, "मी इतकी वर्षं या माणसाला हसलो." रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला बांधावर बेटावरचे बहुतेक धडधाकट पुरुष होते आणि आम्ही बायकाही. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. पहारी लावून काळे दगड वाळूतून उपसले, दोरांनी ओढले, एकात एक अडकवून बसवले. थंडीने बोटं बधिर झालेली, तरी थट्टा चालू होती. फक्त काकांची थट्टा कुणी करत नव्हतं. तेवढं सोडून सगळं बोलत होते, आणि ते सोडलेलं सगळ्यांना ऐकू येत होतं, काकांनाही. शेवटी किमहुएकाकूलाच राहवलं नाही. मोठा दगड टोकाशी बसवताना ती ओरडली, "नीट बसवा गं बायांनो! आमच्या घरातली माणसं इथून बोट नेतात!"

क्षणभर कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग आधी आजी हसली, मग सगळे. काका कमरेत वाकलेले होते, ते वाकलेलेच राहिले. पण त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, ते मी विचारायला गेले नाही.

बांध काही ओहोट्यांमध्ये उभा राहिला. पहिली चांगली मासळी आजीच्याच पाळीला आली. लहान चंदेरी माशांचा थवा पोटात अडकला होता, पाणी उकळतंय असं दिसत होतं. तिने घरोघर वाटे पाठवले. काकांच्या घरचा वाटा ती स्वतः घेऊन गेली आणि ते खाईपर्यंत दारात बसून राहिली.

हे सगळं झालं म्हणून काका पूर्वीसारखे झाले का? नाही. लोकांना वाटतं, एकदा मन मोकळं केलं की लाज जाते. काकांची गेली नाही. ती फक्त घरात राहायला लागली, आजीने सांगितलं होतं तिथे. ते गल्लीने येऊ-जाऊ लागले. माझ्याकडे बसून चहा पिऊ लागले, कधीमधी ओट्यावरही टेकू लागले, टोकाला. बोट लागताना दिसली की मान वळवून देवळाच्या भिंतीकडे बघायचे. तेकफूशी त्यांचं नातं जुळलं, पण दोघांच्या बोलण्यात एक अदब आली, व्याह्याव्याह्यांत असते तशी. आजी गेली तेव्हा तिने आपली पाळी तोंडी काकांच्या घराला देऊन ठेवली होती. काका घ्यायला तयार नव्हते. काकू म्हणाली, "तुम्ही लाजत बसा. मी मासे आणते," आणि त्यांच्याच हातात टोपली देऊन त्यांना मागे चालायला लावलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. देवीचा उत्सव आला की त्या दिवशी ते दार लावून घरात बसायचे. पालखी गल्लीतून जाताना घराघरांतून माणसं उदबत्त्या घेऊन बाहेर येतात, त्यांचं एकच दार बंद. दर वर्षी पालखी तिथून पुढे जायची, आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो.

गेल्याच्या गेल्या वर्षी पालखी त्यांच्या दारापाशी आली आणि थांबली. पुढे जाईना. भोई म्हणाले, जड झालीय, देवी हलत नाही. आमच्याकडे असं होतं, देवीच्या मनात असलं की. पुढच्या दांड्याला तेकफू होता. या वयात त्याला कुणी दांडा धरू देत नव्हतं, त्याने भांडून घेतला होता. त्याची पावलं जमिनीत रुतल्यासारखी. देवीने थांबवली की तेकफूच्या खांद्याने, हे बेटावर कुणी विचारलेलं नाही. ढोलवाले वाजवत राहिले. ऊन तापलं होतं, भोयांच्या मानांवरून घाम निथळत होता.

किमहुएकाकूने आतून कडी काढली. "अहो, या बाहेर. म्हाताऱ्याचा खांदा मोडेल."

काका दारात आले. अंगात जुना बनियन, हात मातीने भरलेले, मागच्या अंगणात भुईमूग निवडत बसले होते. एवढी माणसं बघून ते आत वळले.

"कुठे चाललात?" काकू ओरडली.

"उदबत्ती..." आतून आवाज आला. मग काहीतरी पडल्याचा. मग पुन्हा, "काडेपेटी कुठे ठेवलीस गं?"

पालखी थांबून राहिली. शेवटी मीच पुढे होऊन काडेपेटी दिली. त्यांच्या दोन काड्या पेटता पेटता विझल्या. तिसरीला उदबत्ती पेटली. ती दोन्ही हातांत धरून ते देवीसमोर उभे राहिले. वर बघितलं नाही. तोंडाने काही पुटपुटलंही नाही. मानेपासून कानापर्यंत लाल झाले होते, ऐंशीला टेकलेला माणूस.

मग त्यांनी उदबत्ती पालखीवरच्या उदबत्त्यांच्या पात्रात खोचली, तेकफूकडे ओझरतं बघितलं आणि म्हणाले, "खांदा बदल रे. दुखत असेल."

"दुखतोय," तेकफू म्हणाला.

काका आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. कडी मात्र घातल्याचं ऐकू आलं नाही. पालखी उचलली गेली आणि विहिरीकडे निघाली.